आज्ञा, अफवा आणि संवाद : १८९६–९८ च्या प्लेगमधील नेतृत्वाचा विचार

आपत्तीचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग प्राणहानीचे आणि दुसरे उपाययोजनेचे. किती माणसे दगावली आणि सरकारने कोणते उपाय योजले, हे सांगून झाले म्हणजे इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याकडे कल असतो. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे अंग असते, आणि त्याकडे भाषेच्या अभ्यासकाने तरी दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. संकटाच्या काळात कोणी कोणास काय सांगितले, ते कोणत्या मार्गाने पोचले, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याचे उत्तर सांगणाऱ्यापर्यंत परत आले की नाही, हे ते तिसरे अंग होय. मुंबई इलाख्यातील १८९६ ते १८९८ या काळातील प्लेगची साथ या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. त्या साथीतील शासकीय नेतृत्व निष्क्रिय नव्हते. किंबहुना ते कमालीचे सक्रिय होते. तथापि ते अयशस्वी ठरले, आणि त्या अपयशाची कारणे जितकी वैद्यकीय होती तितकीच संवादविषयक होती, असे दाखविण्याचा हेतू येथे आहे.

१

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रोगी तपासून हा गाठीचा प्लेग होय असे निदान केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला, आणि रोग्यास सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा व घरे जंतुमुक्त करण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. घबराट वाढली, लोक शहर सोडू लागले, आणि सफाईचे काम करणारे कामगारही निघून गेले तर शहराची अवस्था काय होईल, या भीतीने महिना संपण्यापूर्वीच तो जाहीरनामा सौम्य करावा लागला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला.

या जमावामागे जे बोलले जात होते ते लक्षात घेण्यासारखे आहे. रुग्णालयात माणसे बरी करण्यासाठी नव्हे, तर मारण्यासाठी नेतात. त्यांच्या शरीरातून औषधी तेल काढतात. त्याच महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फासले गेले होते, त्याचा सूड म्हणून राणीने प्रजेची काळिजे मागविली आहेत, अशा प्रकारच्या अफवा शहरात पसरल्या होत्या. तत्कालीन अधिकाऱ्यांनी या अफवांची नोंद अज्ञानाचा पुरावा म्हणून केली. परंतु अफवेची रचना पाहिली तर ती निव्वळ अज्ञानातून निघालेली दिसत नाही. रोगी बहुधा अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात पोचत असे व तेथे मरण पावत असे. आप्तांना दिसे ते एवढेच, की धरून नेलेला माणूस परत आला नाही. हे असे का होते, याचे उत्तर त्यांना समजेल अशा रीतीने कोणी दिले नाही. जेथे अधिकृत उत्तराची जागा रिकामी राहते तेथे लोक आपल्या पूर्वानुभवातून उत्तर रचतात. अफवा म्हणजे असे रचलेले उत्तर होय. ती खोटी असते. परंतु ज्या प्रश्नास ती उत्तर देते तो प्रश्न मात्र खरा असतो.

शासनाचे संदेश शब्दांतूनच जात होते असे नव्हे. मुंबईत प्लेग झालेल्या घरांच्या दर्शनी भागावर वर्तुळे रंगविली जात, आणि राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली जात. ही अक्षरे ज्या घरावर लिहिली जात त्या घरातील माणसांना बहुधा वाचता येत नसत. म्हणजे ती खूण घराविषयी होती, पण घरातील माणसांसाठी नव्हती; एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्यासाठी ती ठेवलेली होती. शेजाऱ्यांनी मात्र तिचा स्वतःपुरता अर्थ लावला, आणि तो बहिष्काराचा व अपशकुनाचा होता.

२

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा संमत झाला. केवळ चार कलमांचा हा कायदा भाषिक दृष्टीने बोलका आहे. एका कलमाने सरकारला विशेष उपाय योजण्याचा व सार्वजनिक सूचनेद्वारे नियम लागू करण्याचा अधिकार दिला. एका कलमाने नियम मोडणाऱ्यास शिक्षा ठरविली. आणि एका कलमाने या कायद्यान्वये सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही अशी हमी दिली. लोकांशी बोलण्याचे जे एकमेव साधन त्यात सांगितले आहे ते म्हणजे सार्वजनिक सूचना. लोकांनी काही म्हणावे, विचारावे, हरकत घ्यावी, यासाठी त्यात जागाच नाही. अधिकारी बोलणार आणि प्रजा ऐकणार, अशी संवादाची एकमार्गी कल्पना कायद्याच्या रचनेतच होती.

त्याच महिन्यात पुण्यात प्लेग समितीच्या प्रमुखपदी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. साताऱ्यास असताना १८९४ च्या वाई प्रकरणात वाद्ये वाजविण्याच्या प्रश्नावरून प्रतिष्ठित नागरिकांना त्यांनी शिक्षा दिल्या होत्या, त्यामुळे त्यांचे नाव पुण्यास अगोदरच ठाऊक होते. नेता बोलण्यास आरंभ करतो तेव्हा श्रोते त्याचा पूर्वेतिहास विसरलेले नसतात, ही साधी गोष्ट या नेमणुकीच्या वेळी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

१३ मार्चपासून घरांच्या झडत्या सुरू झाल्या व त्या १९ मेपर्यंत चालल्या. डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे शिपाई तुकड्यातुकड्यांनी घरात शिरत. काखेतील व जांघेतील गाठी तपासल्या जात. रोगी रुग्णालयात आणि त्याच्या सहवासातील माणसे विलगीकरणाच्या छावणीत पाठविली जात. सामानसुमान जंतुमुक्त केले जाई किंवा जाळले जाई. जमिनी उखणल्या जात. स्वयंपाकघर आणि देवघर यांत बूट घालून शिपाई शिरणे, परपुरुषांसमक्ष स्त्रियांची तपासणी होणे, या गोष्टींनी जो क्षोभ माजला त्याचे वर्णन पुष्कळदा झाले आहे. येथे मुद्दा वेगळा आहे.

पुण्याच्या या प्रसंगाचे स्पष्टीकरण ‘अधिकाऱ्यांना लोकांची भाषा येत नव्हती’ असे करण्याचा मोह होतो. ते पुरेसे नाही. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्यास देशी भाषेची परीक्षा द्यावी लागत असे. मराठी येणारे अधिकारी होते, आणि समजावून सांगू शकतील अशी शहरातील माणसेही होती. उणीव होती ती भाषांतराची नसून संवादाच्या स्थानाची होती. दारात उभा असलेला शिपाई आणि उंबऱ्याआत उभा असलेला गृहस्थ यांच्यात जे घडत होते त्यात गृहस्थाच्या कोणत्याही वाक्याने पुढील कृतीत फरक पडणार नव्हता. ‘घरात बाळंतीण आहे’, ‘हा ताप गाठीचा नव्हे’, ‘देवघरात कोणी लपलेले नाही’ यांसारखी वाक्ये उच्चारता येत होती, परंतु त्यांना परिणाम नव्हता. उच्चारलेल्या शब्दाने काही बदलत नाही अशी जेथे खात्री होते तेथे माणूस बोलणे सोडून लपविणे सुरू करतो. रोगी माळ्यावर, कपाटात, परसात दडविले गेले. प्रेते गुपचूप पुरली गेली. झडतीचा हेतू रोग उघडकीस आणणे हा होता. परिणाम तो झाकला जाण्यात झाला.

या पद्धतीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की संकटात चर्चेला वेळ नसतो, आणि मे महिन्यात पुण्याची साथ ओसरली हे सक्तीचेच फळ होय. पहिल्या विधानात तथ्य आहे. दुसरे मात्र टिकत नाही. उष्ण व कोरड्या हवेत प्लेग ओसरतो हे पुढे सिद्ध झाले. १८९७ च्या शरद ऋतूत साथ पुण्यास परतली आणि तिचे स्वरूप पहिलीहून उग्र होते. सक्तीने मिळविलेले यश दुसऱ्या हंगामापर्यंतही टिकले नाही. सक्तीने गमावलेला विश्वास मात्र त्यापुढेही भरून निघाला नाही.

३

या काळात शासनाकडे लोकांचे म्हणणे पोचतच नव्हते असे म्हणता येणार नाही. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘ज्ञानप्रकाश’ आदी पत्रांतून प्लेगविषयक मजकूर येत होता, आणि सरकारच्या भाषांतर खात्याकडून देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार होऊन वरिष्ठांकडे जात होता. म्हणजे मार्ग अस्तित्वात होता. परंतु त्या मार्गाने आलेल्या मजकुराकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे आधीच ठरलेले होते. उपाययोजनेत कोठे चुकते आहे याची माहिती म्हणून तो वाचला गेला नाही. राजनिष्ठेची परीक्षा म्हणून वाचला गेला.

दुसरीकडे, समितीच्या अहवालात असे नमूद आहे, की सैनिकांनी एखाद्या स्त्रीचा हेतुपुरस्सर विनयभंग केल्याची विश्वासार्ह तक्रार समितीकडे आली नाही, ही समाधानाची बाब होय. या विधानातील ‘विश्वासार्ह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अशा तक्रारीसाठी पीडित स्त्रीने किंवा तिच्या घरच्यांनी नाव, स्थळ व वेळ सांगून, ज्यांच्या हाताखालील माणसांविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याचपुढे उभे राहणे आवश्यक होते. त्या काळच्या पुण्यात कोणते कुटुंब हे करील? तक्रार न येणे आणि तक्रारीस कारण नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. अहवालात त्या एकच मानल्या गेल्या.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. १८९७ मध्ये ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या खाजगी पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून केला. स्वदेशी परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुरावा घेऊन पुढे येण्यास तयार नव्हते, आणि गोखल्यांना ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागावी लागली. समकालीनांनी त्यांना दुबळे ठरविले. परंतु संवादाच्या दृष्टीने पाहता गोखल्यांवर ओढवलेला प्रसंग व्यवस्थेतील मोकळ्या जागेमुळे ओढवला. पुण्यातील घर आणि पुण्यातील समिती यांच्यामध्ये विश्वासाची एखादी पायरी असती तर ती हकीकत खरी-खोटी तेथेच तपासली गेली असती. ती नसल्यामुळे ती समुद्रापार गेली, आणि सिद्धही झाली नाही व खोटीही ठरली नाही. याच गोखल्यांनी पुढील साथीत स्वयंसेवक म्हणून घरोघर जाऊन काम केले, हे येथे विसरता येणार नाही.

मधल्या काळात २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले. रँड ३ जुलै रोजी. त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १४ सप्टेंबर रोजी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. हा अर्थ मान्य केला तर मौन हेच एक निरुपद्रवी वर्तन उरते. तक्रार न येण्याबद्दल समाधान मानणारा अहवाल आणि अप्रीती हाच अपराध मानणारा निर्णय हे एकाच वर्षीचे आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

४

याच काळात, याच समाजात, भिन्न प्रकारच्या नेतृत्वाची उदाहरणेही आढळतात, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय वरील विवेचन एकांगी ठरेल.

पुण्याजवळ हडपसर भागात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय उघडले. सावित्रीबाई फुले तेथे रोगी आणून त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास त्यांनी स्वतः वाहून आणले, आणि त्याच रोगाचा संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे पुण्यातील झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, त्यांचे निधन झाले. रोग्याला घरातून हलविणे हे जे काम पुढे शिपाई करणार होते तेच काम त्या करीत होत्या. फरक इतकाच, की त्यांनी हलविलेला रोगी कोठे जात आहे व त्याच्याजवळ कोण बसणार आहे, हे वस्तीला ठाऊक होते.

टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला. पुष्कळ पुढारी शहराबाहेर गेले असता ते पुण्यातच राहिले, आणि सरकारी उपायांवर टीका करीत असतानाच रोग्यांना वेगळे ठेवण्याची आवश्यकता त्यांनी लोकांना पटवून दिली. मुंबईत ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या समितीने झडत्या घेतल्याच. परंतु निरनिराळ्या जमातींच्या पुढाऱ्यांशी बोलून जमातवार रुग्णालये उघडण्यास उत्तेजन दिले. आपल्या आहाराचे, आपल्या आचाराचे व आपल्या ओळखीच्या माणसांचे रुग्णालय असेल तर तेथे जाण्यास लोक राजी होतात, हा अनुभव तेथे आला.

सर्वांत बोधप्रद उदाहरण लस टोचण्याचे आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. परंतु शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केला एवढ्याने सामान्य माणसाची भीती जात नाही. शास्त्रज्ञ त्याच्या ओळखीचा नसतो. त्या वेळी वीस वर्षांच्या आसपास वय असलेल्या आगाखान तिसरे यांनी हाफकिन यांस प्रयोगशाळेसाठी जागा दिली, अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली, आणि एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा टोचून घेतली. परिणामी खोजा जमातीतील हजारो लोक लस घेण्यास पुढे आले. येथे आदेशाचे वाक्य उच्चारण्याची गरज पडली नाही. जो धोका पत्करण्यास लोकांना सांगावयाचे तो सांगणाऱ्याने त्यांच्यादेखत आधी पत्करला होता.

या सर्व उदाहरणांतील समान घटक वक्तृत्व हा नव्हे. सांगणारा ज्यांना सांगतो त्यांच्याच समाजात राहतो, त्यास प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे सांगणे चुकले तर त्याची झळ त्यालाही लागते, हे ते तीन घटक होत.

५

संवाद दुमार्गी असता तर शासनाचाही लाभ झाला असता, याचे एक ठळक प्रमाण उंदरांच्या बाबतीत मिळते. प्लेग कसा पसरतो हे १८९७ मध्ये अधिकाऱ्यांना निश्चित ठाऊक नव्हते. घाण, दूषित हवा, जमीन, कपडे, माणसाचा स्पर्श अशा अनेक तर्कांवर उपाययोजना उभी होती, आणि ती पूर्ण निश्चयाच्या भाषेत जाहीर केली जात होती. उंदरावरील पिसवांच्या द्वारे रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. ते सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरच्या संशोधनाची वाट पाहावी लागली.

लोकांच्या निरीक्षणात मात्र उंदीर होतेच. मराठी प्रदेशात ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग प्लेगची सूचना म्हणून रूढ झाला. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे आणि गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहावे, हा व्यवहार त्यातून निघाला. त्यात कारणमीमांसा नव्हती, पण उपाय बरोबर होता. आणि पुढे घरे रिकामी करून मोकळ्या जागी राहणे हाच उपाय शासनानेही पुरस्कारिला. ज्या घरात झडतीवाले शिरत होते त्याच घरातील माणसांजवळ उपयोगी माहिती होती. ती विचारण्याची पद्धत तेवढी नव्हती.

६

९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली व ती शहराच्या इतर भागांत पसरली. या व अशा घटनांनंतर सक्तीचे धोरण हळूहळू सैल करण्यात आले. त्याच वर्षी नेमलेल्या टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनच्या चौकशीनंतर तर लोकांच्या सहकार्याशिवाय उपाय चालत नाहीत, हे उघडपणे मान्य झाले. हे ज्ञान फार महाग पडले. १८९६ पासूनच्या दोन-अडीच दशकांत भारतात प्लेगने सुमारे एक कोटी माणसे दगावली. ती सर्व संवादाच्या अभावाने दगावली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु लस व स्थलांतर हे दोन उपयुक्त उपाय हाताशी असताना त्यांविषयी जो अविश्वास टिकून राहिला त्याची मुळे पहिल्या दोन वर्षांत आहेत, यात शंका नाही.

जवळजवळ शंभर वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतरच्या घरदुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. शासनाची योजना गावास समजावून सांगणे आणि गावाच्या अडचणी शासनाकडे नेणे, असे दुहेरी काम त्यांच्याकडे होते. १८९७ मध्ये स्त्रियांचा उल्लेख समितीच्या अहवालात येतो तो ज्यांची तक्रार आली नाही अशा व्यक्ती म्हणून. १९९३ नंतर त्याच प्रदेशभाषेतील स्त्रिया तक्रार वाहून नेणाऱ्या झाल्या. नावातील ‘संवाद’ हा शब्द प्रशासनाने स्वतः स्वीकारलेला आहे, हेही लक्षणीय होय.

तथापि हा प्रवास सरळ रेषेत झाला असे समजणे चुकीचे ठरेल. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चाच कायदा होता. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती आवश्यक होती; परंतु असे हल्ले का होतात, हा आर्थर रोडच्या जमावाने उपस्थित केलेला प्रश्न दुरुस्तीच्या कक्षेबाहेरच राहिला.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. आपत्तीत आज्ञा लागते, आणि ती त्वरित लागते. प्रत्येक निर्णय चर्चेने घेता येत नाही. परंतु आज्ञा पाळली जाण्यासाठी लागणारा विश्वास आज्ञेच्या क्षणी निर्माण करता येत नाही. तो आधीपासून असावा लागतो, आणि तो प्रश्न विचारण्याच्या व उत्तर मिळण्याच्या रोजच्या सवयीतून तयार होतो. पुण्याच्या प्लेग समितीजवळ मनुष्यबळ होते, कायदा होता, भाषा जाणणारेही होते. लोकांनी दिलेले उत्तर ऐकून घेऊन त्याप्रमाणे कृती बदलण्याची तयारी मात्र तिच्याजवळ नव्हती. आणि जे उत्तर शब्दांत ऐकले गेले नाही ते अखेर गणेशखिंडीच्या रस्त्यावर आणि मदनपुऱ्याच्या गल्ल्यांत अन्य मार्गांनी दिले गेले.